मज्जा नवी, कातडी जुनी

चंदेरी केसांचं मूल जन्माला आलं की घरात आधी कौतुक होतं. केस काळे नाहीत, पिंगटही नाहीत. उजेडात राखाडी-चंदेरी झाक मारतात. भुवया आणि पापण्याही तशाच. मूल घरच्या सगळ्यांपेक्षा उजळ असतं, तेही कौतुकातच जमा होतं. मग कधीतरी ताप सुरू होतो आणि हटत नाही. यकृत आणि पानथरी वाढल्यामुळे पोट फुगतं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये तिन्ही प्रकारच्या पेशी घसरलेल्या दिसतात. अशा वेळी जाणकार बालरोगतज्ज्ञ महागड्या तपासण्यांच्या आधी एक फुकटची तपासणी करतो. मुलाचा एक केस कापून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. निरोगी केसात रंग सगळीकडे सारखा पसरलेला असतो. या केसात रंगाच्या गुठळ्या दिसतात. त्या मोठ्या आणि ओबडधोबड असतील तर संशय ग्रिसेली सिंड्रोमचा, बारीक आणि त्यातल्या त्यात नेटक्या असतील तर शेडियाक-हिगाशी सिंड्रोमचा.

शेडियाक क्यूबाचे, हिगाशी जपानचे. पण या आजाराचं पहिलं वर्णन १९४३ साली बेगेस सेसार या क्यूबाच्याच बालरोगतज्ज्ञांनी केलं होतं. आजाराच्या रूढ नावात मात्र त्यांना जागा मिळाली नाही. ग्रिसेली हे फ्रान्सचे. त्यांचं वर्णन १९७८ सालचं. दोन्ही आजार दुर्मीळ, आणि दोन्हींमध्ये आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. म्हणून नात्यात लग्नं होतात तिथे ते जास्त सापडतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, त्यामुळे हा विषय परदेशातला म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत अशा जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचं काम चालतं.

केसाचा रंग आणि जीवघेणा ताप यांचा संबंध काय, हे कळायला रंग तयार कसा होतो ते पाहावं लागतं. मेलॅनिन हे रंगद्रव्य रंगपेशीत तयार होतं आणि सूक्ष्म पिशव्यांत भरलं जातं. या पिशव्या रंगपेशीच्या फांद्यांच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून आसपासच्या त्वचापेशींना मिळतात. एक रंगपेशी साधारण ३६ त्वचापेशींना रंग पुरवते. ग्रिसेलीत पंगत बसलेली असते, स्वयंपाकही झालेला असतो, वाढपीच नसतात. पिशवी ओढून नेणारं मायोसिन-५ए, पिशवीवर बसलेलं रॅब-२७ए आणि या दोघांना जोडणारं मेलॅनोफिलिन, या तीन प्रथिनांपैकी कोणतं बिघडलं आहे त्यावरून आजाराचे तीन प्रकार पडतात. मेलॅनोफिलिन बिघडलं तर फक्त रंग जातो. मायोसिन बिघडलं तर मेंदूलाही फटका बसतो. रॅब-२७ए बिघडलं तर प्रश्न रक्ताचा होतो, कारण हेच प्रथिन टी-पेशींनाही लागतं. विषाणूने ग्रासलेल्या पेशीला मारण्यासाठी टी-पेशी जे घातक कण सोडतात, ते सोडण्याच्या कामात ते असतं. कण सुटत नाहीत, शत्रू मरत नाही, टी-पेशींची चिथावणी थांबत नाही आणि त्या गदारोळात शरीर स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतं. याला डॉक्टर एचएलएच म्हणतात. औषधांनी ते काही काळ आवरतं. कायमचं थांबवायचं तर अस्थिमज्जा बदलावी लागते, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी) करावं लागतं.

ट्रान्सप्लांट यशस्वी झालं की ताप जातो, पानथरी आक्रसते, काउंट वर येतात. केस मात्र चंदेरीच राहतात.

याचं कारण रंगपेशींच्या जन्मात आहे. त्या मज्जेत तयार होत नाहीत. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, तिच्या कडेच्या पेशींमधून त्या निघतात आणि चालत चालत कातडीपर्यंत आणि केसांच्या मुळांपर्यंत पोचतात. मज्जा बदलल्याने रक्त बदलतं. रक्तगटसुद्धा दात्याचा होतो, ‘बी’ असलेला माणूस ‘ओ’ होऊ शकतो. कातडीतल्या टेहळणीच्या पेशी, ज्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात, त्याही बऱ्याच अंशी दात्याच्या होतात. पण कातडीचा पापुद्रा, केसाचं मूळ आणि रंगपेशी यजमानाच्याच राहतात. तेव्हा दाता गोरा असेल तर मूल गोरं होईल का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा प्रश्न आपल्याकडे पडावा याचं नवल वाटू नये. गोरेपणाचं क्रीम जिथे वाण्याच्या दुकानात मिळतं तिथे तो पडणारच.

रंग आणि प्रत्यारोपण या दोन विषयांची गाठ तशी जुनी आहे. प्रत्यारोपणशास्त्राचा पाया घालणारे पीटर मेडावार आणि रूपर्ट बिलिंगहॅम हे इंग्रज शास्त्रज्ञ एके काळी गिनीपिगच्या रंगाच्या मागे लागले होते. काळ्या-पांढऱ्या गिनीपिगची काळी कातडी त्याच प्राण्याच्या पांढऱ्या भागात बसवली की भोवतालची पांढरी कातडी हळूहळू काळी होत जाते, हे त्यांनी १९४८ साली मांडलं. मेडावार यांना १९६० साली नोबेल मिळालं. बिलिंगहॅम यांनी १९६६ साली जे सांगितलं ते आजही प्रत्येक बीएमटी वॉर्डात रोज उपयोगी पडतं. दात्याच्या मज्जेबरोबर लढाऊ पेशी आल्या, त्यांना यजमानाच्या शरीरात काही परकं दिसलं, आणि यजमान त्यांना हुसकावून लावण्याइतका सशक्त नसला, की त्या यजमानावरच उलटतात. हा आजार म्हणजे जीव्हीएचडी, ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज. तो प्रामुख्याने तीन ठिकाणी दिसतो: आतडं, यकृत आणि कातडी. त्यातही कातडी बहुधा आधी.

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली केलं. या उपचाराची बहुतेक पाठ्यपुस्तकं मात्र अमेरिका-युरोपात लिहिली गेली, आणि त्यांतली कातडी गोरी आहे. नव्या मज्जेच्या पेशी दिसू लागण्याच्या सुमारास तळहात, तळपाय, कान, मान आणि चेहऱ्यावर लाल पुरळ उठतं, ही तीव्र जीव्हीएचडीची नेहमीची सुरुवात. अंगाचा किती भाग लाल झाला यावर त्याचे टप्पे ठरतात: २५ टक्क्यांपेक्षा कमी, २५ ते ५०, ५०च्या वर, आणि शेवटी फोड येऊन कातडी सुटणं. सगळं मोजमाप लालीचं. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट, तांबूस-तपकिरी किंवा नुसती गडद दिसते, आणि सुरुवातीला तर दिसण्याआधी जाणवते: तळहात चुरचुरतात, कान गरम लागतात, अंगाला खाज सुटते. म्हणून इथल्या वॉर्डात हाताने चाचपून पाहणं आणि मुलाच्या आईला “काल असं होतं का?” असं विचारणं या दोन गोष्टींना फोटोपेक्षा जास्त किंमत आहे. तळहात आणि तळपाय सावळ्या माणसाचेही फिकट असतात, तिथे लाली त्यातल्या त्यात लवकर पकडता येते. आधीच कोड असलेल्या रुग्णाच्या अंगावर एकच पुरळ दोन रंगांत दिसू शकतं, पांढऱ्या डागावर लाल आणि शेजारच्या कातडीवर जांभळट. नवख्या डॉक्टरला ते दोन वेगळे आजार वाटले तर दोष त्याचा नाही, त्याने पाहिलेल्या चित्रांचा आहे.

पुरळ ओसरल्यावर पुढचा प्रश्न येतो काळवंडण्याचा. जीव्हीएचडीचा हल्ला वरच्या त्वचेच्या अगदी तळच्या थरावर होतो. तिथल्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं मेलॅनिन खालच्या थरात गळतं आणि तिथल्या भक्षक पेशी ते गिळून बसतात. वरची कातडी महिन्याभरात नवी होते, पण खाली अडकलेला रंग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जात नाही. जितका मूळ रंग गडद तितका हा डाग ठळक. भरीला ट्रान्सप्लांटआधीच्या तयारीच्या केमोथेरपीची औषधं असतात. बुसल्फानने अंग सावळं पडू शकतं. थायोटेपा हे औषध घामावाटे बाहेर पडतं, त्यामुळे काखेत, जांघेत, मानेच्या घडीत आणि चिकटपट्टीखाली कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते. थायोटेपा चालू असताना नर्स दिवसातून अनेकदा आंघोळ घालतात, चादरी बदलतात, अंगाला तेल-मलम लावू देत नाहीत. नातेवाइकांना ही छळवणूक वाटते. कातडी वाचते ती त्यामुळेच.

काळवंडणं निदान बहुतेकदा हळूहळू उतरतं. याच्या उलट प्रकार जास्त चमत्कारिक आहे. रक्ताच्या कॅन्सरमधून बरा झालेला माणूस वर्ष-दोन वर्षांनी आरशात पाहतो तर ओठाच्या कडेला, पापणीवर, बोटांच्या टोकांवर पांढरे डाग. कोड फुटलेलं असतं. २००० साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असा एक रुग्ण नोंदवला. त्याला मज्जा देणाऱ्या सख्ख्या भावंडाला कोड होतं. मज्जेबरोबर रंगपेशींना शत्रू मानणाऱ्या टी-पेशीही आल्या, असा त्याचा अर्थ लावला गेला. कोड हा मुळात प्रतिकारसंस्थेचा आजार आहे, नुसता कातडीचा नाही, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे मिळणं अवघड. स्पर्शाने, जेवणाने, एकत्र राहण्याने कोड कुणाला लागत नाही. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचं दिसतं ते एवढ्या एकाच वाटेने, आणि त्यासाठी एकाची प्रतिकारसंस्था दुसऱ्याच्या अंगात घालावी लागते.

पण बऱ्याच रुग्णांच्या दात्याला कोड नसतंच. जुनाट जीव्हीएचडीचा एक आविष्कार म्हणूनही रंग जातो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट जीव्हीएचडीचे २८२ रुग्ण तपासले, त्यांतल्या १५ जणांना कोड किंवा चाई होती. स्त्रीची मज्जा पुरुषाला दिलेल्या जोड्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळलं. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळे येणारी काही प्रथिनं स्त्रीच्या टी-पेशींना परकी वाटतात, हे त्यामागचं संभाव्य कारण. म्हणून बहिणीची मज्जा भावाला देऊच नये असा अर्थ कुणी काढू नये. ल्युकेमियासमोर कोड ही फार छोटी किंमत आहे, आणि सख्ख्या भावंडाशी मॅच जुळण्याची शक्यताच मुळी चारात एक. कोड असलेल्या दात्याचं नाव डॉक्टर तेवढ्याच कारणाने खोडत नाहीत, ते तोलून पाहतात.

नेहमीचं कोड आणि जीव्हीएचडीचं कोड यांची यंत्रणा बरीच सारखी आहे. दोन्हींत टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश सोडतात, त्या हाकेने आणखी टी-पेशी जमतात आणि रंगपेशी मारल्या जातात. हा संदेश पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांना जॅक म्हणतात आणि त्यांना अडवणारं एक औषध आहे रुक्सोलिटिनिब. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याच्या गोळ्यांना २०१९ साली मान्यता दिली, जुनाट जीव्हीएचडीसाठी २०२१ साली, आणि त्याच औषधाच्या मलमाला कोडासाठी २०२२ साली. एकच रेणू बीएमटीच्या डॉक्टरांकडे आणि कातडीच्या डॉक्टरांकडे वेगवेगळ्या दारांनी पोचला.

अर्थात ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या अंगावरचा प्रत्येक फिकट डाग कोडाचा नसतो. स्टेरॉइड चालू असताना शिबं सहज उठतात. ती बुरशीची, त्यांवर बारीक कोंडा असतो. पुरळ बरं झाल्यावर राहिलेला डाग फिकट असतो, पूर्ण पांढरा नसतो. कोडाचा डाग वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात निळसर पांढरा उजळतो. आणि आपल्या देशात फिकट डागावर कापूस फिरवून संवेदना आहे का हे पाहायलाच हवं, कारण कुष्ठरोग संपलेला नाही. डागातले केसही पाहावे लागतात. ते काळे असतील तर केसाच्या मुळाशी राखीव रंगपेशी शिल्लक आहेत, रंग परतण्याची आशा आहे. तो परततो तोही केसांच्या मुळांभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी. केस पांढरे झाले असतील तर ती राखीव फळी संपली असं समजतात.

आधीपासून कोड असलेल्याचं ट्रान्सप्लांटनंतर काय होतं? नेम नाही. काहींचे डाग भरून आल्याच्या नोंदी आहेत, कारण जुनी बंडखोर प्रतिकारसंस्थाच पुसली गेली, काहींचे पसरले. भरून आल्याच्या बातम्या वाचून कोडावर उपाय म्हणून मज्जा बदलायचा विचार कुणाच्या मनात येऊ नये. या उपचारात जीव जाण्याचा धोका खरा आहे आणि कोडाने जीव जात नाही. कोडाने जे जातं ते लग्न, नोकरी, चारचौघांत उभं राहण्याची हिंमत. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ २००६ साली आला तोवर मराठी पडद्याने हा विषय फारसा हाती धरला नव्हता. त्या दडपणापोटीच कॅन्सरमधून वाचलेला माणूस डागासाठी भलत्या वाटांना लागतो.

त्या वाटांपैकी एक बावचीची आहे. बावचीच्या बियांचं तेल कोडावर लावण्याची परंपरा फार जुनी आहे आणि ती खुळचट नाही. बावचीत सोरालेन असतं, ते उन्हाशी मिळून रंगपेशींना जागं करतं, आणि आधुनिक प्रकाशोपचारांतही सोरालेन वापरलं गेलं. पण हेच मिश्रण ट्रान्सप्लांट झालेल्या कातडीवर उलटू शकतं. जास्तीच्या अतिनील किरणांनी निजलेली जीव्हीएचडी जागी होते. तेल लावून उन्हात बसलं की फोड येतात, फोडातून संसर्ग, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला संसर्ग म्हणजे पुन्हा दवाखान्यात भरती. बावचीची चूर्णं पोटात घेऊन यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जाता जाता: सोरालेनच्याच कुळातली द्रव्यं पपनस आणि ग्रेपफ्रूटमध्ये असतात. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारखी औषधं पचवणारं एंझाइम ती अडवतात, मग रक्तातली औषधाची पातळी नको तितकी चढते. डिस्चार्जच्या कागदावर ‘पपनस खाऊ नये’ असं लिहिलेलं असतं ते याच्यासाठी. कारण सहसा लिहिलेलं नसतं, त्यामुळे लोक ते आंबट-थंडच्या पथ्यात टाकून विसरतात.

ऊन हाच सगळ्यांत लांबणारा प्रश्न. बुरशी होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने व्होरिकोनाझोल दिलं जातं, आणि या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. ते दीर्घकाळ चाललं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. संपूर्ण शरीराला रेडिएशन दिलं असेल तर त्याचा धोका वेगळा, जुनाट जीव्हीएचडीचा वेगळा. सावळ्या माणसाला मेलॅनिन यातून बरंच सावरून घेतं. शेडियाक-हिगाशी किंवा ग्रिसेलीच्या मुलाकडे, किंवा अंगभर कोड पसरलेल्याकडे, ते छत्र अपुरं किंवा नाहीसं असतं. त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन हे औषधाच्या गोळीइतक्याच काटेकोरपणे लागतं. आपल्या शाळांत कवायतीच्या तासाला टोपी काढायला लावतात. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीचा उपयोग होतो.

रंगाचा आजार म्हटलं की आपल्याला रंग जाणं आठवतं. फॅन्कोनी ॲनिमियात रंग जास्त होतो. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग, मान आणि धड काळवंडलेलं, अंगठा कधी आखूड किंवा नसलेला, उंची कमी. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विदो फॅन्कोनी यांनी १९२७ साली हा आजार नोंदवला. यात पेशींना स्वतःचा डीएनए दुरुस्त करता येत नाही, म्हणून शालेय वयातच मज्जा सुकत जाते. ट्रान्सप्लांट हाच त्यावरचा खरा इलाज, पण नेहमीच्या मात्रेतली केमो आणि रेडिएशन या मुलांना सोसत नाही. मात्रा खूप उतरवावी लागते. पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी १९८८ साली जगातलं पहिलं नाळेच्या रक्ताचं ट्रान्सप्लांट केलं ते अशाच एका मुलावर, त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त वापरून. ती बहीण निरोगी आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागली होती. या आजारात डाग नसलेलं, धडधाकट दिसणारं भावंडही आजारी निघू शकतं, म्हणून दाता होण्याआधी त्याच्या गुणसूत्रांची तपासणी चुकवता येत नाही.

ट्रान्सप्लांटनंतर फॅन्कोनीचं रक्त बरं होतं, कातडी आणि तोंडाचं अस्तर जुन्याच दोषासह राहतं. तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका या आजारात मुळातच मोठा. ट्रान्सप्लांट झालेल्यांत तो चौपटीहून जास्त असल्याचं आणि तरुण वयात गाठत असल्याचं आढळलं आहे. जीव्हीएचडीने तोंडात होणाऱ्या जखमा त्यात भर घालतात. तंबाखू, मावा, सुपारी यांच्या राज्यात हे मूल मोठं होणार असतं, तेव्हा दर सहा महिन्यांनी दंतवैद्याने तोंड बघणं आणि वर्षातून एकदा कातडीच्या डॉक्टरने अंग बघणं ही जन्मभराची नेमणूक आहे. अडचण अशी की वीस वर्षांनी तो तरुण दुसऱ्या गावात नव्या डॉक्टरकडे गेला आणि अंगावरचे डाग पाहून डॉक्टरने रक्ताची फॅन्कोनी चाचणी करवली, तर ती साफ येईल, कारण ते रक्त बहिणीचं किंवा भावाचं आहे. खरं उत्तर हवं असेल तर कातडीचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवाव्या लागतात, नाहीतर मूळ निदानाचा कागद जपून ठेवलेला असावा लागतो.